दरडोई उत्पन्नाचा भागाकार

देशादेशांच्या श्रीमंतीची तुलना करणारी कोष्टके हल्ली सर्वत्र पाहावयास मिळतात, आणि परदेशी नोकरीस जाऊ इच्छिणारी आपली मुले ती मोठ्या श्रद्धेने वाचतात. माझा धाकटा भाचा त्यांतलाच. ज्या देशाचे दरडोई उत्पन्न मोठे, तेथे आपला संसार सुखाचा होणार, असा त्याचा सरळ हिशेब! त्याच्याशी बोलताना जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

दरडोई उत्पन्न म्हणजे एक साधा भागाकार होय. देशाचे वर्षाचे उत्पन्न वर लिहावयाचे आणि लोकसंख्येने त्यास भागावयाचे. परंतु वर काय धरले आणि खाली कोणाला मोजले, हे पाहिल्यावाचून उत्तराचा अर्थ लागत नाही.

लक्झेंबर्गचेच पाहा. या चिमुकल्या देशाचा आकडा जगात अगदी वरच्या पंक्तीत असतो. तेथील वस्ती सुमारे पावणेसात लाख. पण फ्रान्स, जर्मनी व बेल्जियम येथून दोन लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून तेथे कामास येतात. त्यांच्या श्रमाचे फळ वरच्या रकमेत पडते. संध्याकाळी ती स्वगृही परततात, म्हणून खालच्या संख्येत त्यांची गणती होत नाही.

आयर्लंडची गोष्ट याहून नवलाची. २०१५ साली त्या देशाचे उत्पादन एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. शेतकऱ्याचे पीक काही एवढे वाढले नव्हते. बड्या परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता व हक्क कागदोपत्री तेथे हलविले होते. पुढे तेथील सांख्यिकी खात्याला असा फुगवटा वगळून निराळा आकडा देणे भाग पडले.

शिवाय महागाई आहेच. झुरिक शहरात एकदा केस कापावयास जे पैसे पडतात, त्यांत बेळगावात वर्षभर केस कापून होतील. म्हणूनच स्थानिक किमती जमेस धरून केलेली कोष्टके अधिक विश्वासार्ह ठरतात.

हा भागाकार आपल्या देशास नवा नाही. काही काळ बडोद्याचे दिवाण असलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मांडलेल्या निबंधात हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये असल्याचे दाखविले. पण ते तेथेच थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रास काय खर्च येतो, तो आकडा त्यांनी शेजारी ठेवला. आणि तो २० रुपयांहून अधिक निघाला! कैद्यापेक्षाही मोकळ्या माणसाच्या वाट्यास कमी येत होते.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाने दादाभाईंची ही रीत अंगी बाणवावी. देशाची सरासरी बाजूस ठेवावी आणि आपल्याला मिळणारा पगार, तेथील खोलीचे भाडे, जेवणखर्च व घरी धाडावयास उरणारी शिल्लक एका कागदावर मांडावी. देश श्रीमंत असेल. पण चूल पेटावयाची ती त्या कागदावरील शिलकीवरच.