भिंगार ते येवला : पैठणीच्या ताण्याची वाट

पैठणीच्या मागावर लांबीच्या दिशेने ताणून धरलेले हजारो रेशमी धागे म्हणजे ताणा. आडवा भरला जातो तो बाणा. विणकर पदराची नक्षी ताण्याचे धागे मोजून भरतो. त्यामुळे ताण्यात एक धागा कमी-जास्त झाला, तरी मोराची मान पुढच्या ओळीत सरकते. हे काम आज पाहायचे तर नगर-मनमाड रस्त्याने अहिल्यानगर जिल्ह्याची हद्द ओलांडून येवल्याला जावे लागते. वाट सुरू होते ती मात्र जुन्या विणकरांच्याच मुलखातून.

१४९० मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच जागेवर अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवले. हे शहर लुगड्यांसाठी नावाजले गेले. जिल्ह्याच्या मुख्य धंद्यांत १८८४ च्या गॅझेटियरने हातमागावरच्या लुगड्यांची गणना केली आहे. साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलुगू मुलखातून आलेले पद्मशाली विणकर इथे माग चालवीत. त्या लुगड्यांचा ताणा बहुतेक सुती. सुती धागा घासला की तंतू सुटतात, म्हणून ताणा मोकळ्या जागेत लांबवर पसरून कुंच्याने त्यावर खळ चढवावी लागे.

राहुरी, कोल्हार, शिर्डी मागे पडल्यावर कोपरगावला गोदावरी लागते. पैठण याच नदीच्या काठी, प्रवाहाच्या दिशेने बरेच खाली आहे. राघोजी नाईकांनी येवले वसवताना पैठणचे विणकर बोलावून आणले, असे परंपरा सांगते. नदी ओलांडून उत्तरेकडे थोडे गेले की ते येवले येते.

पैठणीच्या ताण्याला रेशीम लागते आणि कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंकाचा थर असतो. लडी खाराच्या गरम पाण्यात बुडवून तो काढतात. यात वजन पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते, पण त्याशिवाय रेशमाला झळाळी येत नाही आणि रंगही सारखा चढत नाही. दांडा घालून लडी पिळायची, थंड पाण्यात दोन-तीनदा धुवायची, रंगवायची आणि वाळवायची. मग ती असारीवर, म्हणजे लडी उलगडायच्या फिरत्या चौकटीवर, चढते. असारी गुळगुळीतच हवी, कारण खरखरीत जागी रेशीम अडकले की तुटलेच. असारीवरून धागा कांडीवर येतो. कांड्यांवरचे धागे एकत्र घेऊन ठरलेल्या लांबीचा आणि संख्येचा ताणा होतो. एकाच ताण्यावर अनेक साड्या निघतात, त्यामुळे इथली चूक साऱ्या साड्यांत उतरते.

खरी पारख रंग ठरवताना लागते. एकधोटी पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून अंगात धूपछाव दिसते. कडियल पैठणीत काठाचा ताणा आणि बाणा एकाच रंगाचे असतात, अंगाचे रंग मात्र वेगळे. तिथे काठांचे धागे निराळे करून दोन्ही कडांना बसवावे लागतात आणि विणताना दोन काठांचे दोन व अंगाचा एक असे तीन धोटे चालतात. पदरात जरीचा बाणा वर दिसावा लागतो, म्हणून ताण्याचे रेशीम बारीक घेतात. जाड धाग्याने जर झाकोळली जाते.

तयार ताणा तुरीवर, म्हणजे मागाच्या रुळावर, घट्ट, सारख्या ताणाने गुंडाळतात. सैल राहिलेला धागा विणताना लोंबतो, जास्त ताणलेला तुटतो. पुढे प्रत्येक धागा क्रमाने धागे वर-खाली करणाऱ्या वहीतून आणि बाणा ठोकणाऱ्या फणीतून ओवायचा. हे काम डोळे थकवणारे आणि अत्यंत सावकाश चालणारे आहे. पैठणीच्या किमतीत त्याचा वाटा ग्राहकाला दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

सुदैवाने ओवणी दर ताण्याला करावी लागत नाही. जुना ताणा संपत आला की त्याची टोके वही-फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला सांधतात. सगळे सांधे फणीपार ओढून घेतले की माग पुन्हा चालतो. काठाची रुंदी किंवा धाग्यांची संख्या बदलायची असेल, तर मात्र वही-फणी मोकळी करून पहिल्यापासून ओवावे लागते.