‘कायम’ या शब्दाचा अर्थ

महाविद्यालयीन अध्यापकाच्या आयुष्यात ‘कायम’ हा शब्द एकदाच येतो आणि तो बहुधा चार ओळींच्या पत्रातून येतो. परिवीक्षाकाल समाधानकारकरीत्या पूर्ण झाला, सबब अमुक दिनांकापासून सेवेत कायम करण्यात येत आहे, एवढाच त्याचा मजकूर. यवतमाळ जिल्ह्यात पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड अशा गावी नोकरीनिमित्त आलेला अधिव्याख्याता हे पत्र मिळाल्यावर भाड्याच्या खोलीतून प्लॉटच्या चौकशीकडे वळतो. कर्जाच्या अर्जाला तेच पत्र जोडतो. गावही मग त्याला ‘बाहेरचे सर’ म्हणणे सोडते. या शब्दामागे नेमके कोणते संरक्षण उभे आहे, हे मात्र त्याला सहसा ठाऊक नसते. आणि ठाऊक करून घ्यावे लागते तेव्हा हाती आरोपपत्र आलेले असते.

त्याची पहिली समजूत अशी असते की वेतन शासनाच्या अनुदानातून येते, त्याअर्थी आपण शासकीय सेवकासारखेच. ही समजूत चुकीची आहे. राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचे कवच शासनाच्या नागरी सेवकांना आहे. अनुदानित खासगी महाविद्यालयातील शिक्षकाला नाही. पगार शासनाचा, परंतु नेमणूक आणि बडतर्फी संस्थेची, अशी ही दुहेरी मांडणी होय. अमेरिकेतही हा पेच आहे. तेथील घटनेने घातलेले न्याय्य कार्यपद्धतीचे बंधन शासनावर असते. १९७२ मधील रॉथ व सिंडरमन हे दोन्ही गाजलेले निवाडे शासकीय महाविद्यालयांतील अध्यापकांचे होते. खासगी महाविद्यालयातला प्राध्यापक मुख्यतः करारावर आणि १९४० च्या प्राध्यापक संघटनेच्या निवेदनातून रूढ झालेल्या संकेतांवर विसंबतो. महाराष्ट्राने हा प्रश्न कराराच्या भरवशावर सोडला नाही, त्यासाठी कायदा केला. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ च्या कलम ५९ ने खासगी महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्याला न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क दिला होता. २०१६ च्या अधिनियमात तो कलम ८१ मध्ये आहे. मुदत तीस दिवसांची.

कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत, पुष्कळदा त्याच जिन्याच्या दुसऱ्या बाजूला असते, पण तेथील शिक्षकाचा कायदा वेगळा : खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली. साहित्याच्या अभ्यासकाने ही नियमावली एकदा तरी वाचावी. तिच्या कोरड्या भाषेत जिल्ह्याजिल्ह्यांतील संस्थांचे अंतरंग उमटले आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोहोंवर सही व दिनांक घालावा, एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असे मूळ अधिनियमाचे कलम ७ सांगते. एवढा सोपस्कार कशासाठी, हे अध्यक्षांच्या बैठकीत सायंकाळी बोलावल्या गेलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नोकरी लागतानाच कोऱ्या कागदावर घेतलेली सही, तारखेची रिकामी जागा, या साऱ्यांचे भय त्या कलमात दडलेले आहे. चौकशी समितीही तिघांची : एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून घेतलेला. आपल्याच वादात कोणी न्यायाधीश होऊ नये, या जुन्या तत्त्वाचे हे गावठी पण शहाणे रूप आहे. तिसरा माणूस गावातल्या गटातटांपासून किती दूर असतो, हा प्रश्न मात्र नियमाला सोडवता आलेला नाही.

वरिष्ठ महाविद्यालयातील अपीलही बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा ठळक शिक्षांपुरतेच आहे. वेळापत्रकातून आवडीची अभ्यासपत्रिका काढून घेणे, विभागाची खोली बदलणे, सेवापुस्तिकेतील नोंद अडवून धरणे, यांसाठी तक्रार निवारणाचा दुसरा मार्ग आहे. पण खोली बदलली म्हणून कोण तक्रार करणार? माणूस गप्प बसू लागतो तो येथेच. आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचे काय? त्याच्याबाबतीत बडतर्फीची गरजच पडत नाही, पुढच्या सत्रात त्याला बोलावले नाही की झाले. ‘कायम’ अध्यापकांच्या हक्कांची चर्चा शिक्षककक्षात रंगते तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला हा सहकारी त्या चर्चेत नसतो, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील एका गावचे महाविद्यालय सोडून दुसऱ्या गावी जातो. मराठी समीक्षेने त्याच्या या भटकंतीचा अस्तित्ववादी अर्थ पुष्कळ लावला. ती नोकरीची कथा म्हणून क्वचितच वाचली गेली. सोडून जाणे हाच तेथे शिक्षकाचा हक्क उरलेला असतो. यवतमाळकरांना तर याहून ताजा दाखला आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐन वेळी मागे घेण्यात आले. भाषण तयार होते, ते इतरत्र छापले आणि वाचलेही गेले. ज्या मंडपासाठी लिहिले होते तेथे मात्र ते झाले नाही. पाहुण्याचे निमंत्रण आणि शिक्षकाची नोकरी यांची कायद्याने तुलना होत नाही, हे खरे. पण ऐकून न घेण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

ऐकून न घेतल्याची किंमत कोणी द्यायची, याचे उत्तर औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात मिळाले. २००७ मध्ये तिला काढले. २००९ मध्ये न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून मागील पूर्ण वेतन देवविले. उच्च न्यायालयाने ते वेतन नाकारले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा मंजूर केले. बेकायदा काढलेल्या माणसाने मधल्या काळात कशावर जगायचे, हा साधा प्रश्न त्या निकालाच्या मुळाशी आहे.

त्याआधी २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठान प्रकरणी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने व्यवस्थापनाला शिस्तभंगाच्या कारवाईची मोकळीक दिली. पण त्याचबरोबर, जेथे आधीपासून असे न्यायाधिकरण नसेल तेथे प्रत्येक जिल्ह्यात ते असावे, आणि न्यायाधिकरणे थोडी असतील तर त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरती बैठक घ्यावी, असे सुचविले. कारण दिले ते खर्चाचे. दूरच्या न्यायपीठाकडे जाणे शिक्षकाला परवडत नाही. उमरखेडचा अध्यापक उच्च न्यायालयापर्यंत गेलाच, तर नागपूर खंडपीठासमोरच्या प्रत्येक तारखेला त्याची एक रजा आणि दोन्ही वेळचे बसभाडे जाते. आणि निलंबित असला तर हे सारे निर्वाह भत्त्यातून.