तू जेवून घे, मी धरते

लग्नाच्या पंगतीत हमखास दिसणारं दृश्य. पान वाढलेलं असतं, भातावर वरण पडलेलं असतं आणि तान्ह्या मुलाची आई कावरीबावरी होऊन इकडेतिकडे बघत असते. तेवढ्यात कुणी मावशी, आत्या, नाहीतर नुसती ओळखीची बाई पुढे येते, मूल उचलते आणि म्हणते, “तू जेवून घे, मी धरते.” मूल तेवढ्यापुरतं सगळ्या मांडवाचं होतं.

हिंजवडीच्या कंपनीनं नवऱ्याला म्युनिकला पाठवलं तेव्हा लेक रांगत होती. तिथे धरायला कुणी नव्हतं, सोयी मात्र होत्या. बहुतेक रेस्टॉरंटांत मुलांसाठी उंच खुर्ची, पुष्कळ ठिकाणी रंगीत खडू आणि कागद, शिवाय मुलांचं वेगळं मेन्यूकार्ड. श्नित्झेल, तळलेले बटाटे, सॉस घातलेले श्पेत्झ्ले. मला त्यातलं राउबरटेलर फार आवडायचं. राउबरटेलर म्हणजे दरोडेखोराचं ताट. एक रिकामी बशी आणि काटा-चमचा आणून देतात, मुलानं आईबापांच्या ताटांवर डल्ला मारायचा. बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसेही घेत नाहीत. ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’ अशा पाट्या वाचत लहानाची मोठी झालेली मी, मला तर हा औदार्याचा कळसच वाटला.

पण खुर्ची मुलाला बसवते, रमवत नाही. थोड्याच वेळात खडू टेबलाखाली जायचे, पाठोपाठ बटाटे, आणि मग भोकाड. आम्ही पाळ्या लावल्या. एकानं लेकीला घेऊन फुटपाथवर ट्राम मोजत उभं राहायचं, दुसऱ्यानं भराभर जेवायचं, मग अदलाबदल. दुसऱ्या पाळीच्या नशिबी गार श्नित्झेल. शेजारच्या टेबलावरचे आजी-आजोबा लेकीकडे बघून हसायचे, पण हात पुढे करायचे नाहीत. यात तुसडेपणा नव्हता. परक्याच्या मुलाला न विचारता हात लावू नये, ही तिथली सभ्यता. मूल आईबापांचं, म्हणून त्याचं रडणंही त्यांचंच. २०१८ साली र्‍यूगेन बेटावरच्या एका रेस्टॉरंटनं संध्याकाळी पाचनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना मज्जाव केला, तेव्हा जर्मनीत बरीच वादावादी झाली. मी दोन्ही बाजूंचं वाचत होते आणि मनात एकच यायचं, की अहो, मुलाला कुणी घटकाभर धरलं असतं तर वाद कशाला झाला असता?

म्युनिकच्या बिअर गार्डनांत मात्र आमचं पोट निवांत भरायचं. १८१२ साली बव्हेरियाच्या राजानं बिअर गाळणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी लोकांना बसवून बिअर विकायची मुभा दिली, पण पावाखेरीज काही खायला विकायचं नाही, अशी अट घातली. मग लोक खाणं घरून आणू लागले. आता तिथे खाणंही मिळतं, तरी डबा नेण्याची रीत टिकून आहे. चेस्टनटच्या झाडांखालच्या लांब बाकांवर आम्ही मराठी घरं दशम्या आणि दहीभात उघडून बसायचो. जवळच घसरगुंडी. दोघंतिघं मुलांपाशी, बाकीचे पानावर. लग्नाच्या पंगतीहून फक्त एक फरक होता. इथे धरणाऱ्यांत पुरुषही असायचे, कारण तिसरे हात नव्हते. मुलाला कडेवर घेऊन एका हातानं डबा उघडण्याची कला नवऱ्यानं म्युनिकमध्ये कमावली.

परत आलो आणि मुळशी तालुक्यातल्या भूगावला घर केलं. हिंजवडीही याच तालुक्यात येते, हे पुण्यातल्या कितीतरी लोकांच्या लक्षात नसतं. एका टोकाला आयटी पार्क, दुसऱ्या टोकाला ताम्हिणी. रविवारी पिरंगुट-पौड रस्त्यावर चुलीवरच्या भाकरीसाठी गाड्यांची रीघ लागते. अशाच एका घरगुती खानावळीत आम्ही धाकट्याला घेऊन गेलो. उंच खुर्ची नव्हती, मुलांचं मेन्यूकार्ड नव्हतं. घरातल्या आजींनी काही न विचारता पोराला मांडीवर घेतलं. वाटीत इंद्रायणीचा भात, वर वरण, बोटभर तूप. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून निघालेला हा तांदूळ मुळातच चिकट. आजींनी तो अंगठ्यानं कुस्करून फुंकर घातली आणि पोरानं तोंड उघडलं. “ताई, तू जेव निवांत,” आजी म्हणाल्या. माझी भाकरी मोडून होईपर्यंत नवऱ्याचं पिठलं संपत आलं होतं. आजींच्या हातांनी सगळ्यात आधी त्याला मोकळं केलं होतं.

तिकडे आजींची सून चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिचं बाळ ओसरीवर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. म्हणजे माझं मूल आजींकडे आणि आजींचा नातू त्या चिमुरडीकडे. गिऱ्हाइकं उठल्याशिवाय त्या तिघींपैकी कुणीही जेवणार नव्हतं.

हिंजवडी-बाणेरकडच्या रेस्टॉरंटांत हीच साखळी पगारी होते. टेबलाच्या टोकाला मूल सांभाळणारी ताई बसलेली असते. सगळे गरम गरम जेवत असतात आणि ती पोराच्या तोंडाला लागलेलं पुसत असते. तिच्यापुढे बरेचदा ताट नसतं. मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते. ताईचं मूल त्या पाळणाघरात नसतं. ते गावाकडे नाहीतर वस्तीत, आणखी कुणाच्या तरी कडेवर असतं.

परदेशातून आलेले आम्ही लोक ‘तिकडे सोयी, इकडे माया’ असं सांगून मोकळे होतो. मला ते पटेनासं झालंय. मायाही कुणाच्या तरी हातांनीच होते आणि ते हात त्या वेळी जेवत नसतात. आजींची मांडी कुठल्याही खुर्चीहून ऊबदार, यात शंका नाही. पण म्युनिकच्या फुटपाथवर धरण्याचं ओझं निदान दोघांत सारखं वाटलं जायचं. ओझं उचलणारा माणूस समोर दिसायचा, त्याची पाळी संपायची आणि गार का होईना, त्याचं ताट त्याची वाट बघत असायचं.

म्हणून आता आमच्या घरी नियम आहे, जो धरेल तो आधी जेवेल. बाहेर गेलो तर सोबतच्या ताईचं ताट आमच्याबरोबरच मागवायचं, आणि तिचं जेवण होईपर्यंत पोरगं बापाकडे. नातेवाइकांना याची गंमत वाटते. वाटू दे. हॉटेलात बिल कोण देणार, यावर आपण मराठी माणसं काउंटरपाशी हातघाईवर येतो. मूल कोण धरणार, यावरही एकदा तशीच ओढाताण व्हायला हवी.