अण्णांचा रेडिओ आणि जळालेले चार व्हॉल्व्ह

तीन दिवस झाले, पाऊस लागून आहे. कपाशीत पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुततो. फवारणी राहिलीय ती राहिलीय. म्हणून आज शेताचं काही नाही, माझ्या हातून झालेल्या एका नुकसानीचं लिहितो.

माळ्यावर अण्णांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. वस्तीवर लाइट यायच्या आधीचा, ड्राय बॅटरीवर चालणारा. त्याला दोन वेगळे दाब लागतात, व्हॉल्व्हच्या आतल्या तारेला दीड व्होल्ट आणि बाकी कामाला नव्वद. बॅटरीचा गठ्ठा महाग, म्हणून बातम्या आणि बाजारभाव झाले की अण्णा कान पिळून बंद करायचे. पोस्टात लायसनचे पैसे भरायचे ते वेगळेच.

उन्हाळ्यात मी नऊ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडून नव्वद केले. दीड व्होल्टला टॉर्चचा सेल. रेडिओच्या चारही वायरी मातकट झालेल्या, रंग कळेना. अंदाजाने जोडल्या. चारही नळ्यांत लख्ख उजेड पडला आणि गेला. मला वाटलं, पेटला! नंतर कळलं, या व्हॉल्व्हची तार इतकी बारीक की नीट चालताना अंधारातही जेमतेम दिसते. लख्ख दिसली म्हणजे जळाली. नव्वद व्होल्ट तारेला गेले होते.

अण्णा बाजेवर बसलेले. "जाऊ दे," म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. गोठ्यात आता बैल नाहीत.

नवे आणायचे तर नाव पाहिजे. तिघांवर वाचता आलं: डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. चौथ्याची अक्षरं पुसलेली. अशी काच चुकूनही फडक्यानं पुसू नका, उरलेली शाईपण जाते. तोंडाची वाफ सोडायची आणि तिरक्या उजेडात धरायचं. डीके ९६ उमटलं. यात डी म्हणजे १.४ व्होल्टची तार, आणि ९ म्हणजे सात पायांची छोटी बैठक. स्टेशन पकडायचं पहिलं काम याचंच, आणि मिळायला हाच अवघड.

पुण्याच्या जुन्या बाजारात तीन मिळाले. चौथ्याची डबीपण मिळाली, वर डीके ९६ छापलेलं. घरी येऊन वाफ सोडली तर आत डीके ९१! पाय सातच, भोकात बसतोही बरोबर. पण त्याची तार २५ ऐवजी ५० मिलीअँपिअर खाते आणि पायांची आतली जोडणीही वेगळी. विकणाऱ्यालाही माहीत नसेल कदाचित. बियाण्याची पिशवी मी फोडून बघितल्याशिवाय घेत नाही, आणि इथं डबीवर भुललो.

शेवटी तालुक्याला एक जुने रेडिओ दुरुस्त करणारे काका भेटले. दुकान कधीच बंद केलंय. बिस्किटाच्या डब्यातून एक काढून दिला, पैसे घेईनात. मी तिथंच मीटर लावला. व्हॉल्व्ह उलटा धरला की पायांत एके ठिकाणी मोठी फट दिसते, तिथून घड्याळाच्या दिशेनं मोजायचं. एक आणि सात यांच्यात तार. शाबूत होती.

या वेळी आधी व्हॉल्व्ह काढून ठेवले. नुसत्या भोकांत मीटर धरून तारेच्या जागी दीडच येतात ना, हे चारही बैठकांवर दोनदा बघितलं. मगच व्हॉल्व्ह बसवले. हात कापत होता, खोटं कशाला बोलू.

काल संध्याकाळी लावला. हा रेडिओ तापायला वेळ घेत नाही, लगेच खरखर सुरू झाली. मीडियम वेव्हवर काटा फिरवता फिरवता एक बाई बोलायला लागली. अण्णा आतून आले, खुर्ची ओढून बसले. बातम्या संपल्या तसा त्यांनीच कान पिळला.

"बॅटरी जाते," म्हणाले.

उघडीप मिळाली की फवारणीचं लिहितो.