पत्र्याची पेटी

दिवाळीची साफसफाई हे आमच्या घरातले वार्षिक युद्ध आहे. त्यात सेनापती आमची मंडळी आणि शत्रू मी. कारण घरातल्या ज्या वस्तू टाकून देण्याजोग्या असतात, त्या बहुतेक माझ्या असतात. जुनी हजेरीपुस्तके, दांडी मोडलेली छत्री, पंचाहत्तरी ओलांडलेला मी स्वतः! यंदा माळ्यावरून एक काळी पत्र्याची पेटी खाली आली. कोपरे चेपलेले, कडी गंजलेली. झाकणावर पांढऱ्या रंगाने मीच रंगवलेली अक्षरे अजून अर्धीमुर्धी दिसत होती : 'इ. ६ वी, ज. न. वि. शंकरनगर'.

"ही तरी भंगारात द्या आता," मंडळी म्हणाली. "नाही तर उंदरांना चांगली वसतिगृहासारखी झाली आहे."

मी नको म्हटले. का नको, ते मात्र सांगता आले नाही. म्हणून इथे सांगतो आहे.

मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. सारी नोकरी नांदेड जिल्ह्यात, त्यातली पुष्कळशी मुखेड तालुक्यातल्या एका गावी गेली. आता मुलाकडे लातूरला असतो. मुखेडची जमीन माळरानाची, पाऊस लहरी. दसरा झाला की निम्मे गाव ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे निघे, ते अक्षयतृतीयेच्या आगेमागे परते. वर्गात पटावर चाळीस आणि बाकावर अठरा, असा हिवाळ्याचा हिशेब. तपासणीला साहेब आले की उरलेली बावीस मुले एकाच वेळी 'मामाच्या गावाला' जात. तेवढे खोटे त्या काळी सगळेच मास्तर बोलत.

अशा गावात नवोदय विद्यालयाचे नाव आले ते लॉटरीच्या तिकिटासारखे. जिल्ह्यातली हुशार मुले, विशेषतः खेड्यातली, पाचवीत असताना एका परीक्षेने निवडायची आणि सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी खर्चाने ठेवून घेऊन शिकवायची. राहणे, जेवण, कपडे, पुस्तके, सगळे फुकट. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ साली निघाल्या. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशात त्या साडेसहाशेच्या वर आहेत. तामिळनाडूने मात्र शाळेतल्या हिंदीपायी एकही घेतली नाही. ही कल्पना ज्यांनी रुजवली ते त्या वेळचे शिक्षणमंत्री नरसिंह राव आम्हां मराठवाडेकरांना परके नव्हते. तेही निजामाच्याच राज्यातले. मराठी इतके चांगले जाणत की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली. आंध्रचे मुख्यमंत्री असताना १९७१ साली त्यांनी नलगोंडा जिल्ह्यात सर्वेलला गरीब घरच्या हुशार मुलांसाठी अशीच एक निवासी शाळा काढली होती. नवोदय हे त्याच रोपाचे पुढे झालेले झाड.

आणि घर सोडून शिकण्याची गोष्ट आमच्या मुलखाला तरी कुठे नवी होती? निजामाच्या शाळांत उर्दूतून शिकावे लागे, तेव्हा १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. माझे वडील त्या शाळेचे नाव घेताना नकळत ताठ बसत. स्वतः ते चार यत्ता शिकले. पण हिप्परग्याला जाणारे पोरगे आपणहोऊन जाई किंवा बापाच्या मनात आले म्हणून जाई. परीक्षेने निवडून नेण्याचा प्रकार तेव्हा नव्हता.

नवोदयची परीक्षा जन्मात एकदाच देता येते. पाचवीत. त्या वर्षी मूल तापाने फणफणले, गाडी चुकली, फॉर्म भरायचा राहिला, तर दुसरी संधी नाही. दहा-अकरा वर्षांच्या जिवाच्या आयुष्यात दोन तासांची एक खिडकी उघडते आणि मिटते.

१९९४-९५ साली माझ्या वर्गात त्या खिडकीतून जाण्याजोगी दोन मुले होती. एक माझी धाकटी लेक. दुसऱ्याला आम्ही 'मुनीम' म्हणत असू. त्याचे आईबाप ऊसतोडीला जात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, टनामागचा दर, वाढे विकून आलेले पैसे, मध्ये आजारपणाचे खाडे; हा सगळा हिशेब ते पोरगे बोटेही न मोडता तोंडी करी. मुकादमाने एकदा त्याच्या बापाला साठ रुपयांना चुकवले, ते या नऊ वर्षांच्या पोराने भर पारावर दाखवून दिले. तेव्हापासून मुनीम.

रात्री मी दोघांना ओसरीवर शिकवी. वीज नसेच, कंदील. त्या काळी परीक्षेत शंभर प्रश्न असत आणि त्यांतले साठ बुद्धिमत्तेचे, नुसत्या आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, अपुरी पुरी करा, आरशात कशी दिसेल ते सांगा. मी फरशीवर खडूने आकृत्या काढी आणि मंडळीच्या फणेरपेटीतला आरसा आडवा-उभा धरून पडताळा दाखवी. धाकटी आरशात पाहून उत्तर देई. मुनीम आरसा येण्याआधीच देई. ती हुशार होती, मेहनतीची होती. पण तो तिच्यापेक्षा हुशार होता. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

दोघांचे फॉर्म मीच भरले. दसरा झाला. गाडीला बैल जुंपले गेले, वर भांडी, पिठाचे डबे, कोंबड्यांचा खुराडा आणि त्यावर मुनीम. मी त्याच्या बापाला म्हटले, "परीक्षेपुरता पोराला माझ्याकडे ठेवा. माझ्या लेकराबरोबर जेवेल."

"तुमचं म्हणणं खरं हाय जी गुरुजी," तो म्हणाला. "पण बैलामागं कोण ऱ्हाईल? आन् धाकलं लेकरू कोपीत एकलं कसं ठिवू? तुम्ही सांगावा धाडा, म्या आणून घालतो."

सांगावा धाडा. त्याने ते सहज म्हटले आणि मी सहज हो म्हटले.

ऊस ऐन भरात असताना, परीक्षेच्या आधी वीसेक दिवस, हॉलतिकिटे शाळेवर आली. दोन्ही माझ्या हातात पडली. टोळी कोणत्या कारखान्यावर आहे ते गावात विचारले असते तर संध्याकाळपर्यंत कळले असते. एक पत्र टाकायचे होते, फार तर दोन दिवस रजा घेऊन एस.टी.ने जायचे होते. मी पत्र उद्या टाकू म्हटले. मग शाळेचे स्नेहसंमेलन आले. मग धाकटीला खोकला झाला. मग वाटले, आता पत्र टाकले तरी वेळेत पोचणार नाही. ते हॉलतिकीट वर्षभर माझ्या डायरीत होते. पुढे कुठे गेले ठाऊक नाही.

इतकेच असते तर त्याला आळस म्हणून मोकळा झालो असतो. पण त्या दिवसांत एका रात्री मी अंथरुणात पडून हिशेब केला होता. जिल्ह्यातून जास्तीत जास्त ऐंशी मुले. त्यांतल्या एकतृतीयांश जागा मुलींच्या. म्हणजे आपल्या तालुक्याच्या वाट्याला किती? एका गावातून दोन मुले घेतील का? हा हिशेब हॉलतिकिटे येण्याआधी केला की नंतर, ते मला आज आठवत नाही. आठवावे म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. आठवू नये म्हणूनही केला असेन.

धाकटी पास झाली. गावाने पेढे खाल्ले. मी मुखेडच्या बाजारातून पेटी आणली आणि तिच्यावर अक्षरे रंगवली. वैशाखात टोळ्या परतल्या तेव्हा मुनीम पेटी पाहायला आला. झाकणावरून हात फिरवून म्हणाला, "गुरुजी, 'वि'ची वेलांटी वाकडी झाली." बाकी काही विचारले नाही. त्याच्या बापानेही नाही. ज्यांना कधी कुणी सांगावा धाडलेला नसतो, ते न आलेल्या सांगाव्याची चौकशी करीत नाहीत.

महिन्यातल्या ठरलेल्या रविवारी आम्ही भेटीला जात असू. मुखेडहून नरसी आणि नरसीहून देगलूरच्या वाटेला शंकरनगर. विद्यालयाच्या आवारात झाडाझाडाखाली संसार मांडलेले असत. फडक्यात बांधलेली धपाटी, शेंगांची चटणी, आणि लेकरू खाते आहे की नाही याकडे टक लावून बसलेल्या आया. मुले तिथे बारावीपर्यंत राहत, पण पहिल्या वर्षी प्रत्येक आईला वाटे, आपलेच तेवढे वाळले. पहिल्या भेटीत धाकटी रडली. दुसऱ्या भेटीत मंडळी रडली. तिसऱ्या भेटीत धाकटी म्हणाली, "आई, मैत्रिणी वाट बघताहेत, मी जाऊ?" तेव्हा कुणीच रडले नाही, आणि तेच सर्वांत जड गेले.

शंकरनगर हे साखर कारखान्याचे गाव. त्या काळी हंगामात उसाच्या मळीचा वास सगळीकडे भरून राही. रस्त्याने उसाच्या गाड्या ओळीने चाललेल्या असत, मोळ्यांवर बसलेली पोरे वाढ्याचे तुकडे फेकीत हसत. एस.टी. त्या गाड्यांच्या मागे अडकली की मी खिडकीकडची जागा मंडळीला देई. तिला वाटे, मी फार प्रेमळ नवरा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत पेटी घरी येई. त्याच आठवड्यात मागे राहिलेल्या टोळ्याही गाव सोडीत. अंगणात एकीकडे आम्ही पेटी उतरवून घेत असू आणि समोरच्या गल्लीत गाड्या भरत असत. धाकटी हळूहळू हिंदीत स्वप्ने पाहू लागली. नववीत तिकडची तीस टक्के मुले वर्षभरासाठी हिंदी मुलखातल्या नवोदयात पाठवतात, तिकडची इकडे येतात. तीही गेली आणि येताना भेंडीला 'भिंडी' म्हणू लागली. मंडळीने एक दिवस हसून घेतले, दुसऱ्या दिवशी मला विचारले, "ही आपली राहिली आहे ना हो?" राहिली, असे मी म्हटले. धाकटी आज बंगळूरला असते. शाळेतल्या मैत्रिणींना ती बहिणी म्हणते आणि सख्ख्या भावाला दिवाळीचा फोन करते. शाळेने तिला जे दिले ते मी सात जन्मांत देऊ शकलो नसतो. हे मी तक्रारीने लिहीत नाही. पण घराने किंमत मोजली ती मोजलीच.

मुनीम मला पुन्हा भेटला तो लातुरात, निवृत्तीनंतर. लातूर म्हणजे शिकवण्यांचे शहर. डॉक्टर-इंजिनियर होण्यासाठी साऱ्या महाराष्ट्रातून मुले येतात, खोल्या घेऊन राहतात आणि जेवतात मेसमध्ये. त्यांतली एक मेस मुनिमाची. दोनशे डबे. कुणाचे किती खाडे, कुणाचे पैसे यायचे, सगळे डोक्यात. वही आहे, पण ती बायकोच्या समाधानासाठी. २०१६ साली दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मुले गावी गेली आणि मेसला कुलूप लागले. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा चूल पेटवली. मला पाहताच पाया पडला, आणि गेल्या कित्येक वर्षांत मला तिथे जेवणाचे पैसे देऊ दिलेले नाहीत. फुकट जेवण इतके अवघड असते हे मला त्याच्याकडे कळले.

पेटी खाली आली त्याच संध्याकाळी तो घरी आला. बरोबर दहा वर्षांची लेक.

"गुरुजी, हिला आकृत्या शिकवा. यंदा नवोदयचा फॉर्म भरलाय."

"शहरातल्या मुलांना जागा थोड्या असतात रे," मी म्हटले.

"ठाऊक हाय. निदान पंचाहत्तर टक्के खेड्याच्या. त्याला तिसरी, चौथी, पाचवी खेड्यात शिकलेली लागते. म्हणून तिसरीपासून तिला आजोळी ठेवलीय, औसा तालुक्यात. तिथलीच शाळा. दिवाळीला आणलीय."

तीन वर्षांचा हिशेब त्याने आधीच करून ठेवला होता. खिडकी उघडायच्या आधी तो तिच्याखाली जाऊन उभा राहिला होता.

मी फरशीवर आकृत्या काढल्या. मंडळीने न सांगता आरसा आणून दिला. पोरगी पालथी पडून पाहू लागली. तो उंबऱ्यात बसला होता. पेटी त्याच्याशेजारीच होती. आणि मी, तीस वर्षांत जे बोललो नव्हतो ते, खडू हातात असतानाच बोललो.

"तुझे हॉलतिकीट आले होते. माझ्याकडे होते. मी सांगावा धाडला नाही."

तो काही वेळ झाकणावरच्या अक्षरांकडे पाहत राहिला.

"आबानं सोडलंच नसतं गुरुजी," तो म्हणाला. "उचल घेतलेली व्हती. आन् त्या साली बैल मारका व्हता, माझ्याबिगर कुणाला जवळ येऊ देत नव्हता."

हे खरे होते की मास्तराचे म्हातारपण सांभाळण्याची रीत होती, ते मी विचारले नाही. मुनिमाचा हिशेब मला कधीच तपासता आलेला नाही.

"आजोबा," पोरगी म्हणाली, "हे आरशातलं हाय का पाण्यातलं?"

मी आरसा शोधू लागलो. तो तिने पोटाखाली घेतला होता.

"पाण्यातलं," उंबऱ्यातून तो म्हणाला. "नीट बघ. डोकं खाली गेलंय."