हळदीचा मेसेज मीच फॉरवर्ड केला होता

आज जरा ओशाळूनच लिहितोय.

"हळद-मिरीने कॅन्सर मुळापासून जातो" हा मेसेज दोन वर्षांपूर्वी आमच्या भावकीच्या ग्रुपवर मीच टाकला होता. ओतूरला दिलेली आमची आत्या चाळीस वर्षं मिसरी लावायची. तिच्या गालाला आतून फोड आला होता. तिने चार महिने सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात हळद आणि मिरपूड घेतली. फोडाची गाठ झाली, तेव्हा कुठे मंचरला दाखवलं आणि मग पुण्याला ऑपरेशन. "तू शिकलेला, तू पाठवलं म्हणून खरं वाटलं रे," एवढंच म्हणाली.

मेसेज अगदीच खोटा नव्हता, हीच गोम आहे. हळदीत साधारण ३ टक्के कर्क्युमिन असतं. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ते टाकलं की 'वाढत राहा' सांगणारे काही संदेश दबतात, बऱ्याच पेशी मरतात. पण माणूस म्हणजे बशी नाही. पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, आणि उतरलेलं यकृत लगेच बदलून टाकतं. मिरीतलं पायपरीन यकृताचं हे काम मंदावतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांना त्यामुळे रक्तातलं प्रमाण वीसपट वाढलेलं दिसलं. फॉरवर्डमध्ये हे 'वीसपट' हमखास येतं. मुळात ते जवळजवळ शून्य होतं, हे येत नाही! २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात माणसांवरच्या १२० हून जास्त चाचण्या धरल्या होत्या. कडक पद्धतीने केलेल्या एकाही चाचणीत कर्क्युमिन औषध म्हणून टिकलेलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

कुणी म्हणेल, माशेलकरांनी अमेरिकेशी भांडून हळद जिंकली ना? जिंकली, १९९७ मध्ये, आणि मलाही अभिमान आहे. पण ते पेटंट जखम भरण्याचं होतं, कॅन्सरचं नव्हे.

आत्या आता पातळ पिठलं-भात खाते. त्यातली हळद डॉक्टरांनी बंद केलेली नाही. कर्क्युमिनच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय नकोत म्हणाले, कारण त्या बाकीच्या औषधांत ढवळाढवळ करू शकतात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

घरात कुणी मिसरी, तंबाखू, गुटखा घेत असेल आणि तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर जुन्नर, घोडेगाव, मंचर, जे जवळ असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात तोंड उघडून दाखवा. खर्चाची भीती वाटत असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, तिथेच चौकशी करा.

तो मेसेज अजून फिरतोय. माझ्याकडून कुणाला आला असेल तर तेवढा डिलीट करा.