माझं राज्य चारपर्यंत

डिपेंडंट व्हिसावर इथे आले, शिकवणं सुटलं, आणि दुपारी लेकाच्या प्लेस्टेशनवर जपानी रोल-प्लेइंग गेम खेळू लागले. पर्सोना, सोळावी फायनल फँटसी; खजिना मोठा, पण टीव्ही अडवावा लागतो. चारला स्कूलबस आली की माझं राज्य खालसा!

गेल्या भाऊबिजेच्या ओवाळणीतून स्विच घेतला. सोळावी फायनल फँटसी त्यावर नाही. झेनोब्लेड मात्र फक्त निन्टेंडोकडेच. ड्रॅगन क्वेस्ट ११ तर दोन्हीकडे. शिवाय हा ओट्याशी उभं राहून, कुकरच्या शिट्या मोजत खेळता येतो.

झेनोब्लेड ३ मधल्या सैनिकांना आयुष्य दहाच वर्षांचं. मला इथे येऊन दहा झाली. त्या दिवशी तीनाच्या सात शिट्या झाल्या.

आईला फोनवर म्हटलं, वाचत बसले होते. खोटं कुठे? संवाद वाचावेच लागतात.